जुन्या रेसिंग सायकलचा वाकलेला डिरेलर हँगर: सरळ करावा की कापून टाकावा?

सातपुड्याचा_पायथा (अचलपूर तालुका)

सर्वांना नमस्कार. माझे मोठे काका १९७८ साली इंग्लंडहून परतले, तेव्हा त्यांनी सोबत एक रेसिंग सायकल आणली होती. गेली कित्येक वर्षे ती आमच्या कोठ्यात कुटाराच्या ढिगामागे पडून होती. मागच्या महिन्यात बाहेर काढून धुतली, तेव्हा सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ (फ्रेमच्या पोलादी नळ्यांचा नामांकित प्रकार) चे अर्धवट स्टिकर दिसले आणि मागच्या चिमट्याच्या दोन्ही टोकांवर, म्हणजे ज्यांना ड्रॉपआउट म्हणतात त्या जाड पत्त्यांवर, कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचे नाव कोरलेले आढळले. मागे पाच चक्र्यांचे फ्रीव्हील आहे आणि गिअरचे खटके खालच्या तिरप्या नळीवर आहेत.

दुरुस्तीसाठी परतवाड्याला नेताना आम्ही सायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उजव्या अंगावर आडवी टाकली आणि वर ढेपेची पोती ठेवली. ही चूक सर्वस्वी माझी आहे. उजव्या ड्रॉपआउटच्या खाली डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारे यंत्र) धरून ठेवणारा जो कान, म्हणजेच हँगर, असतो, तो त्या भाराने आत वाकला. आता चेन सर्वांत मोठ्या चक्रीवर घेतली की डिरेलरचा पिंजरा स्पोकांना टिकटिक लागतो. त्यात भर म्हणून, एका दुकानात डिरेलर काढून परत बसवताना बोल्ट तिरपा गेला आणि सुरुवातीचे दोन-तीन आटे खराब झाले.

वेल्डिंगवाल्याचे म्हणणे असे, की हा कान कापून टाकू आणि नवी पट्टी जोडून देऊ. मला पावसाळ्यानंतर याच सायकलवर चिखलदऱ्याचा घाट चढायचा आहे. कापावे की वाकवावे, आणि वाकवताना तो तुटणार तर नाही ना, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_निदेशक (वर्धा)

भाऊ, वेल्डिंगवाल्याला तूर्त लांबच ठेवा. आपल्या फ्रेमच्या नळ्यांची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी आहे आणि त्या नळ्या ड्रॉपआउटमध्ये पितळेने किंवा चांदीच्या मिश्रधातूने जोडलेल्या आहेत. ट्रॉलीचे हूक जोडणारा माणूस त्याच इलेक्ट्रोडने इथे आर्क मारू लागला, तर कान जोडला जाईल, पण शेजारचा सांधा सुटेल किंवा नळीला भोक पडेल. ही कारागिराची निंदा नव्हे, त्याचे रोजचे काम निराळ्या जाडीच्या लोखंडाचे असते, एवढेच.

आपला कान अखंड घडीव पोलादाचा, ड्रॉपआउटचाच भाग आहे. आजच्या अॅल्युमिनियमच्या सायकलींना एक-दोन स्क्रूंनी बसवलेला सुटा हँगर असतो. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे पडझडीत तो मोडतो आणि फ्रेम वाचते. पोलादाचा कान मात्र थंड अवस्थेतच, सावकाश, परत जागेवर आणता येतो. त्याला तापवू नये, आणि पुढे-मागे दहादा वाकवूनही पाहू नये. एका दिशेने, थोडे थोडे, मोजत मोजत आणावे. आधी डिझेलचा हात फिरवून पंधरा मिनिटे थांबा, कोरडे पुसा आणि वर खडूची भुकटी लावा. तडा असेल तर आत मुरलेले डिझेल बाहेर येऊन पांढऱ्या भुकटीवर काळी रेघ उमटते. रेघ उमटली तर पुढचे काहीच करू नका, आधी फोटो येथे टाका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण तीच विसरतात. कान कशाच्या तुलनेत सरळ करायचा? मागच्या चाकाच्या. आणि चाक कशाच्या आधारावर उभे आहे? दोन्ही ड्रॉपआउटच्या. पोत्यांच्या भाराखाली नुसता कानच वाकला, की अख्खा उजवा ड्रॉपआउटही आत फिरला, हे पाहिल्याशिवाय कानाला हात लावणे म्हणजे वाकड्या भिंतीला ओळंबा लावून दार बसवण्यासारखे आहे. यासाठी महागड्या अवजाराची गरज नाही. दहा मिलिमीटर जाडीच्या दोन आटेदार सळयांची टोके लेथवर निमुळती करून घ्या, प्रत्येक ड्रॉपआउटच्या खाचेत एकेक सळई दोन्ही बाजूंनी नट आवळून बसवा आणि टोके एकमेकांसमोर आणा. ती समोरासमोर भेटली तर ड्रॉपआउट समांतर आहेत. एक टोक वर आणि दुसरे खाली गेले, तर कोणता पत्ता फिरला ते डोळ्यांनाच दिसते. त्यानंतर एका ड्रॉपआउटपासून सुतळी काढून पुढच्या हँडलच्या नळीला वळसा देत दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचे अंतर मोजा; मागचा चिमटा मध्यावर आहे की नाही ते त्यावरून कळते.

नागपूर_पेडल

मला वाटते, एवढा खटाटोप करण्यापेक्षा कान कापून टाकावा आणि एक्सलसोबत खाचेत बसणारा सुटा हँगर लावावा, तो स्वस्त मिळतो. शिवाय या निमित्ताने मागचा चिमटा १२० वरून १३० मिलिमीटरपर्यंत फाकवून नऊ चक्र्यांचे चाक घातले, तर घाटासाठी आधुनिक गिअर मिळतील. माझ्या एका जुन्या फ्रेमवर मी असेच केले आहे.

निवृत्त_निदेशक (वर्धा)

नागपूरकर मित्रांच्या अनुभवाचा आदर राखून असहमती नोंदवतो. खाचेत बसणारा सुटा हँगर ज्या स्वस्त फ्रेमांना कानच नसतो त्यांच्यासाठी निघाला. येथे तो बसवायचा तर शाबूत कान कानसून सपाट करावा लागेल, आणि चाक काढताना-घालताना तो खाचेत सरकण्याची कटकट कायमची मागे लागेल. कान खरोखर तुटलाच, तर तो मार्ग खुला राहतोच. कापलेला कान मात्र परत येत नाही.

चिमटा फाकवण्याबाबत सांगायचे तर, पोलादाला ते सोसते. पण दहा मिलिमीटर म्हणजे प्रत्येक बाजूला पाच, आणि तेवढे फाकवल्यावर दोन्ही ड्रॉपआउट समांतर राहत नाहीत, ते पुन्हा जुळवावे लागतात. न जुळवता चाक आवळले तर एक्सल वाकतो. त्यातच पाच चक्र्यांच्या फ्रीव्हीलमध्ये दोन चक्र्यांच्या मध्यांतले अंतर साधारण साडेपाच मिलिमीटर असते, ते नऊ चक्र्यांत ४.३५ वर येते. शिमानो कंपनीने १९८४ मध्ये रेसिंग सायकलींसाठी टप्प्याटप्प्याने टकटक बसणारे गिअर आणले, तोपर्यंत खटका हातानेच हवा तेवढा सरकवावा लागे आणि कान किंचित वाकडा असला तरी हात ते सांभाळून घेई. प्रश्नकर्त्याचे खटके त्याच जुन्या पद्धतीचे आहेत, ते तसेच ठेवले तर हँगरच्या बाबतीत थोडी माफी मिळते. नऊ चक्र्यांत ती मिळणार नाही.

आटेवाला (दारव्हा, लेथचे काम)

हँगर वाकवण्याच्या आधी आट्यांचे पाहा, कारण मोजमाप त्यांच्याच आधारे करायचे आहे. डिरेलरच्या बोल्टचे माप दहा मिलिमीटर आणि आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर असते. कॅम्पाग्नोलोचा जुना आटा इंचाला २६ चा, पण व्यवहारात तो याच मापात चालून जातो. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये दहाचे टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) मिळतात ते दीड किंवा सव्वा मिलिमीटरचे. मोटरसायकलच्या आरशाचा बोल्ट हाताला अगदी तसाच लागतो, पण त्याचा आटा बहुधा सव्वाचा असतो, आणि एखाद्याने «दहाचाच आहे» म्हणून तो टॅप फिरवला की उरलेले आटेही गेले. दहा बाय एकचा टॅप हवा असेल तर सायकलच्या दुकानात न शोधता मोटारींच्या ब्रेकचे काम करणाऱ्याकडे विचारा, कारण पुष्कळ गाड्यांच्या ब्रेक पाइपचे नट नेमके याच मापाचे असतात.

टॅप बाहेरून लावू नका. बाहेरचे आटे मोडलेले आहेत, तिथे टॅप पुन्हा त्याच तिरप्या वाटेने जाईल. चाक काढून आतल्या बाजूने, जिथे आटे शाबूत आहेत तिथून सुरुवात करा. तेल घालून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे फिरवा.

आता मोजणी. गिअरच्या सायकलीच्या मागच्या चाकाचा एक्सलही बहुधा दहा बाय एकचाच असतो. म्हणून त्याच आकाराचे दुसरे एखादे मागचे चाक घेऊन त्याच्या डाव्या बाजूचे एक्सलचे टोक सरळ हँगरमध्ये आटवता येते. आपल्या साध्या काळ्या सायकलीचे चाक वापरू नका, त्याचा एक्सल तीन अष्टमांश इंचाचा असल्याने तो भोकात हलत राहील. चाक आटवले की दोन रिम शेजारी-शेजारी उभ्या राहतात. बाहेरच्या रिमवर खडूची एक खूण करा आणि तीच खूण फिरवत वर, खाली, पुढे, मागे आणून प्रत्येक वेळी आतल्या रिमपर्यंतचे अंतर मोजा. एकच खूण वापरल्याने त्या चाकाचा स्वतःचा वाकडेपणा मोजणीत येत नाही. तुमचा हँगर आत वाकला असल्याने खाली अंतर कमी आणि वर जास्त भरेल. वाकवताना ते आटवलेले चाक काढा, भोकात बोल्ट पूर्ण आटवून ठेवा म्हणजे भोक अंडाकृती होणार नाही, आणि चामड्याचा तुकडा मध्ये घालून मोठ्या स्क्रू पान्याने ओढा. फरक तीन-चार मिलिमीटरच्या आत, म्हणजे साधारण सूतभर उरला की थांबा.

सातपुड्याचा_पायथा (अचलपूर तालुका)

आपणा सर्वांचे आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मध्ये सोयाबीनची सवंगणी आली. खडूच्या परीक्षेत रेघ उमटली नाही. सळयांच्या तपासणीत मात्र निदेशक काकांची शंका खरी ठरली: उजवा ड्रॉपआउट खालच्या अंगाने आत फिरला होता, त्यामुळे कानाचा जो वाकडेपणा मला दिसत होता, त्यातला बराचसा खरे तर ड्रॉपआउटचा होता. आधी तो जुळवला. मग टॅप अमरावतीच्या एका मोटार मेकॅनिककडून उसना आणला, आतून फिरवला, आणि पाचपैकी चार-साडेचार आटे चांगले पकडतात असे दिसले.

दुसरे चाक लावून मोजले तेव्हा वर-खाली अकरा मिलिमीटरचा फरक होता. तीन बैठकांत तो दोनवर आला. पुढे-मागे साडेतीनचा फरक अजून आहे, पण त्या दिशेने हँगर पिळावा लागेल असे वाटल्याने मी तिथेच थांबलो. पिंजरा आता स्पोकांना लागत नाही. डिरेलरचा आतल्या बाजूचा मर्यादा-स्क्रू नव्याने बसवून, कपड्याची दोरी बांधून सायकल आंब्याच्या फांदीला टांगली आणि तासभर पायडल हाताने फिरवून गिअर पाहिले; शेवटच्या चक्रीवर चेन चढते आणि पुढे जात नाही.

एकच शंका राहिली आहे. तो पुढे-मागेचा साडेतीन मिलिमीटरचा फरक मी तसाच ठेवू, की घाट चढण्याआधी त्यालाही हात लावू?

निवृत्त_निदेशक (वर्धा)

हाताच्या खटक्यांवर तो तसाच ठेवा. फक्त शंभरेक किलोमीटर चालवल्यावर डिरेलरचा बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा. नव्याने साफ केलेले आटे सुरुवातीला थोडे बसतात.