मदत हवी आहे: चढावर पिकअपचं इंजिन नॉकिंग करतंय

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो. माझा १९९४ चा पेट्रोल पिकअप आहे, व्ही-८ इंजिन, डिस्ट्रिब्युटरवाला. महिनाभर मिसिंग करत होता, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनच इंधन पेटत नव्हतं. रात्री अंधारात बॉनेट उघडून प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तर तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीतून निळी ठिणगी थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर उडताना दिसली. प्लग, वायरी, कॅप, रोटर बदलले, मिसिंग गेलं.

नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकणं) मात्र जात नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ८७ ऐवजी ९३ ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला जास्त रोखणारं पेट्रोल भरलं की कमी होतो, थांबत नाही. टायमिंग लाइट लावून पाहिला, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बरोबर आहे. मग ईजीआर व्हॉल्व्हला हातपंपाने व्हॅक्यूम दिला; हा व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंटेकमध्ये सोडतो, त्याने सिलिंडर थंड राहून नॉकिंग कमी होतं. व्हॉल्व्ह उचलला गेला, पण आयडलवर इंजिन अडखळायला हवं होतं, ते अडखळलंच नाही. म्हणजे व्हॉल्व्हखालचा वायूचा मार्ग कार्बनने बुजलाय ना? इंटेक मॅनिफोल्ड न उतरवता तो कुणी साफ केलाय का? की आधी नॉक सेन्सर तपासू? पिस्टनची काळजी वाटते, म्हणून सध्या चढाचा रस्ता टाळतोय. अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.