सांगलीत घरी ख्यालाची बैठक ठेवायची आहे: हॉल १२ बाय २२, माणसं ४०. जमेल का?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरमधल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी घरी ख्यालगायनाची बैठक ठेवायचा विचार आहे. गायिका, तबला, पेटी आणि दोन तानपुरे. तळमजल्याचा हॉल १२ बाय २२ फूट, त्याला लागून ८ बाय १० ची जेवणाची जागा, मध्ये भिंत नाही. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला मोठी काच. साधारण ४० जणांना बोलवायचं आहे.
प्रश्न असे: ४० माणसं बसतील का? माइक लागेल का? तानपुरे गायिका आणणार नाही, ते मिरजेहून आणावे लागतील, तर काय काळजी घ्यायची? आणि पैशाचं कसं बोलतात? तिकीट ठेवायचं नाही, पण सगळा भार एका घरावर नको.

कृष्णाकाठ
४० बसणार नाहीत. हिशोब मांडून बघा. हॉल २६४ चौरस फूट. तानपुरे धरून पाच जणांना १२ फूट रुंद आणि किमान ७ फूट खोल जागा लागते, म्हणजे ८४ गेले. पहिली रांग आणि कलाकार यांच्यात दोन फूट मोकळे, २४ गेले. भिंतीकडेने स्वयंपाकघर-संडासाकडे जायला दोन फुटांची वाट, आणखी २५-२६. उरले १३० च्या आसपास. मांडी घालून दोन तास बसणाऱ्या माणसाला ५ चौरस फूट लागतात, तेव्हा २६ जण. जेवणाच्या जागेत ज्येष्ठांसाठी ८ खुर्च्या. एकूण ३४. त्यातले दोघे-तिघे घरचेच, चहापाण्याला उठणारे. पाहुणे ३० धरा आणि तिथे थांबा.

गुडघ्यांची अडचण असणारे आता प्रत्येक बैठकीत बरेच असतात, त्यामुळे खुर्च्या ८ च्या १२ होतील. एक खुर्ची बसलेल्या दीड माणसाची जागा खाते. खुर्च्या मागेच, मध्ये कधीच नाही.

कलाकार आखूड भिंतीशी बसवा, काच बाजूला येईल असे. लांब भिंतीशी बसवलं तर सगळे जवळ येतात खरे, पण एका टोकाच्या लोकांना नुसता तबला ऐकू येतो आणि दुसऱ्या टोकाला नुसती पेटी. कोपऱ्यात तर बसवूच नका, डग्गा (डाव्या हाताचा तबला) घुमतो.

हॉल रिकामा असताना मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. दोन्ही झाकायची गरज नाही, एकीवर जाड पडदा किंवा सोलापुरी चादरी टांगल्या तरी भागतं. काचेवर पडदा हवाच. खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या. माणसं बसली की निम्मं काम तीच करतात, म्हणून रिकाम्या खोलीत घुमतंय म्हणून घाबरून सगळीकडे गाद्या लावू नका. फार झाकलं की आवाज मरतो आणि गाणारी व्यक्ती उगीच जोर लावते.

उंचवटा करायचा मोह होतो. दोन पलंग जोडून स्टेज करतात, त्याच्या पोकळीत डग्गा ढोलासारखा वाजतो. पहिल्या तीन रांगांना उंचवटा लागत नाही आणि मागे खुर्च्या असतील तर त्यांनाही नाही. जमिनीवर दुहेरी सतरंजी, वर पांढरी चादर, बस. मऊ गादी नको, तबल्याची रिंग डगमगते.

खुंटी
वाद्यांपुरतं सांगतो.

आधी गायिकेची पट्टी विचारा, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला ‘सा’ धरून त्या गातात ते. ‘बायकांची पट्टी’ एवढं सांगून चालत नाही. काळी चार आणि काळी पाच यांतही तारांचं वजन बदलू शकतं. सतारमेकरांकडे गेलात की पट्टी सांगूनच तानपुरा मागा, त्या पट्टीला जुळणाऱ्या तारा आणि जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आणलेला गुंजारव) लावून मिळेल. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर विकत घेणाऱ्यांची विचारपूस वाढली आहे. तुम्हाला दोन दिवसांसाठी हवाय, तेव्हा भाड्याने मिळेल का ते महिनाभर आधी विचारा. हीच पट्टी तबलजींनाही कळवा. काळी एकला लावायचा लहान तोंडाचा तबला काळी चारला उतरवला तर पुडी (वरचं चामडं) सैल पडून बोल बसके निघतात. त्यांना मोठ्या तोंडाचा आणावा लागतो.

कोणते राग गाणार तेही जमलं तर विचारून ठेवा. तानपुऱ्याची पहिली तार एरवी पंचमाला असते. मारवा किंवा पूरियात पंचम नाही, मग ती निषादाला लावतात, मालकंसात मध्यमाला. दोनपैकी एक तानपुरा त्याप्रमाणे आधीच लावून ठेवता येतो.

आणताना: मोटरसायकलवर कधीही नाही. गाडीच्या मागच्या सीटवर गवसणीत आडवा, भोपळ्याखाली उशी, आणि भोपळ्यापाशी एक माणूस बसलेला. मिरज ते विश्रामबाग अंतर थोडं आहे, तारा सैल करायची गरज नाही. साताऱ्यापर्यंत न्यायचा असेल तर तारा थोड्या उतरवा. भोपळा वाळलेल्या फळाचा आहे, कोपरा लागला की तडकतो. घरात भिंतीला टेकवून उभा करू नका. आडवाच ठेवा, पोरं आणि मांजर जाणार नाहीत अशा खोलीत.

सगळ्यात जास्त गोंधळ तापमानाचा होतो. पोलादी तार गरम झाली की उतरते, गार झाली की चढते. तबल्याची पुडी दमट हवेत उतरते. पेटी मात्र जवळपास जिथल्या तिथे राहते. म्हणजे गार खोलीत पाच वाजता सगळं पेटीशी जुळवून ठेवलं आणि सहाला ३० माणसं आत आली की अर्ध्या तासात तानपुरा आणि पेटी भांडायला लागतात. म्हणून तानपुरे सकाळपासून त्याच खोलीत ठेवा, आणि शेवटचं जुळवणं माणसं बसल्यावरच करू द्या. पाचेक मिनिटं लोकांना तानपुरा जुळताना ऐकावा लागेल. ऐकू द्या, तेवढ्यात गप्पा आपोआप थांबतात.

फेडर
माइकवर वाद होणारच आहे, तेव्हा माझं मत आधीच टाकतो: या हॉलला ध्वनिव्यवस्था लागत नाही. शेवटची खुर्ची गायिकेपासून २० ते २५ फुटांवर येईल. तयार गळा एवढ्या अंतरावर स्वच्छ पोचतो. अडचण असते ती तबला आणि पेटी गळ्यावर चढण्याची, आणि त्यावर माइक हा उपाय नाही. तबलजींना दबल्या हाताने वाजवायला सांगा, पेटीचं वरचं झाकण बंद ठेवून त्यावर शाल टाका. कुरकुर होईल, पण होऊ द्या.

गायिकेने माइक मागितलाच (काहींना सवयीने हवा असतो) तर एकच, फक्त गळ्याला. शुअर एसएम ५८ सारखा साधा डायनॅमिक माइक, तोंडापासून एक वीत. कंडेन्सर नको, तो पंखासुद्धा उचलतो. ८ किंवा १० इंची दोन पॉवर्ड स्पीकर पुरे. ते माइकच्या पुढे, दोन्ही बाजूंना, तोंड श्रोत्यांकडे. गायिकेच्या मागे ठेवलेत तर शिट्टी मारणारच. रिव्हर्ब (यंत्राने घातलेला घुमारा) शून्य, खोलीचा स्वतःचा आहे तेवढा पुरतो. आवाज इतकाच वाढवा की माइक बंद केल्यावर मागच्या रांगेला थोडा फरक जाणवावा.

वीज: मिक्सर आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावरून घ्या. वेगवेगळ्या खोल्यांतल्या प्लगांवरून घेतले की अर्थिंगच्या फरकाने ‘हम्म’ चालू होतो. वीज जाण्याची शक्यता धरा. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंखाही घुरघुरतो आणि स्पीकरही. तेव्हा त्यावर फक्त दिवे ठेवा आणि गाणं माइकशिवाय पुढे चालू द्या. दिव्यांचे डिमर पूर्ण उघडे किंवा बंद, अर्धवट नको.

आणि फ्रिज. तुमची जेवणाची जागा उघडी आहे म्हणता, तर कॉम्प्रेसर सुरू झाला की विलंबित (संथ) लयीत तो तिसरा तानपुरा होतो. दोन तास प्लग काढला तर दूध नासत नाही, दार उघडू नका म्हणजे झालं. गाडीची चावी फ्रिजवर ठेवा, म्हणजे परत लावायचं लक्षात राहतं. दाराची बेल, घड्याळाचे टोले, पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक पंप हेही बघा. पंप हमखास विसरतो.

माडीवरून
साताऱ्याहून याच धाग्यात विचारतो. वाड्याची माडी १५ बाय १८ आहे, लाकडी तुळया आणि तक्तपोशी, वर मंगलोरी कौलं. आवाज फार सुरेख येतो. पण ४०-४५ माणसांचं वजन पेलेल का?

कृष्णाकाठ
@माडीवरून, माणशी ५ चौरस फूट आणि ६५ किलो धरले की चौरस मीटरला १४० किलो होतात. राहत्या घराचा काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने करतात, त्यामुळे तिथे बसलेली माणसं निभतात. तुमचं लाकूड आहे. त्याचा आकडा इथे बसून कोणी सांगू नये आणि सांगितलाच तर तुम्ही मानू नये. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आधी तपासून घ्या. वाळवी आणि ओल तिथेच असते, मधली तुळई ठणठणीत दिसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच.

दुसरं म्हणजे, माणसं बसलेली असताना धोका कमी असतो. मध्यंतराला सगळे उठून जिन्याच्या तोंडाशी दाटतात, तेव्हा तेवढ्या तुकड्यावर वजन दुप्पट होतं. माडीवर करायचंच तर ४५ विसरा, २० जण बोलवा आणि मध्यंतर ठेवू नका. त्यापेक्षा खालचा सोपा (ओसरी) बघा. चौकाकडून उघडा असला तरी तीन बाजूंनी भिंती असतात, आवाज बरा धरतो.

पानसुपारी
पैसे, शेजारी आणि वेळ.

मानधन गायिका, तबला आणि पेटी यांच्याशी वेगवेगळं ठरवा आणि पाकिटंही वेगळी. ‘बाईंना एकदम देतो, त्या बघतील’ यात साथीदार अवघडतात. प्रवास आणि मुक्काम मानधनाबाहेर. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणार असतील तर ती सांगलीत पहाटे पोचते. त्या रात्री धड झोप झालेली नसते, तेव्हा दुपारपर्यंत कोणी भेटायला नको आणि बंद दाराची खोली हवी.

वर्गणी आमंत्रणातच लिहा: ऐच्छिक, पण अपेक्षित रक्कम अमुक. रक्कम काढताना एकूण खर्च ३० ने नाही, २४ ने भागा. काही येत नाहीत, काही पाकीट विसरतात, आणि दोघे-तिघे न सांगता पाहुणा घेऊन येतात. दाराशी डबा आणि क्यूआर कोड. मोजायला माणूस बसवू नका, वाईट दिसतं. तिकीट लावून जाहीर केलंत तर मात्र तो घरगुती कार्यक्रम राहत नाही. मग पोलीस ठाणे आणि महापालिकेत परवानगीचं विचारणं आलं.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. माइक नसेल तर तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही, तरी साडेसहाला सुरू करून साडेनऊला भैरवी संपवा. दोन्ही बाजूच्या आणि मागच्या घराला चार दिवस आधी स्वतः जाऊन सांगा, नुसता मेसेज नको. दुचाक्या कोणाच्या फाटकासमोर लागणार नाहीत यासाठी एक तरुण पोरगा बाहेर ठेवा.

डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. घर उसाच्या वाहतुकीच्या रस्त्यावर असेल तर संध्याकाळी ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या आणि मोठ्याने लावलेली गाणी घेऊन जाणार. त्यापुढे यमन काय टिकणार? माझा सल्ला रविवारी सकाळी साडेसात ते दहा. रस्ता शांत, डास नाहीत, लोक ताजे, आणि सकाळचे राग बैठकीत एरवी ऐकायला मिळतच नाहीत: भैरव, तोडी, ललत.

खाणं: ३० जणांचा चहा दोनदा, माणशी ९० मिली धरून साडेपाच लिटर. भडंग ठेवायचंच तर गाणं संपल्यावर. मध्यंतरात दिलं की दुसरा अर्धा भाग सुरू होऊन दहा मिनिटं कुरकुर चालू राहते. गायिकेजवळ कोमट पाणी थर्मासात. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांतलं काहीही आत नको, घसा धरतो. फर्माईशी चिठ्ठीवर, त्याही मध्यंतरात. सांगलीत नाट्यपद मागितलं जाणारच, तेव्हा गायिकेला ते गातात का हे आधी विचारा. गात नसतील तर चिठ्ठ्या तुमच्याच खिशात राहू द्या.

विश्रामबागकर
सगळ्यांचे आभार. ३० वर आलो, माइक नाही, रविवार सकाळ. घर रस्त्यालाच आहे, ट्रॅक्टरचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका उरल्या. हॉलमध्ये दीड टनाचा एसी आहे, तो चालू ठेवू का? आणि लोकांनी फोनवर रेकॉर्डिंग केलं तर?

फेडर
बसलेलं माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतं. तीस जणांचे ३ किलोवॉट. दीड टनाचा एसी ५ किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर खेचतो, म्हणजे गणित बसतं. पण डिसेंबरच्या सकाळी साडेसातला त्याची गरजच काय? मागची खिडकी आणि स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवा. पंखा लागलाच तर मागे, खुर्च्यांकडे, सर्वांत कमी वेगावर. कलाकारांच्या डोक्यावरचा पूर्ण बंद.

रेकॉर्डिंगचं गायिकेला आधी विचारा. ‘हो’ आलं तर एकच फोन, समोर ६ ते ८ फुटांवर, जमिनीपासून दोन-तीन फूट वर, विमान मोडवर. ती फाइल आधी त्यांना पाठवा, त्या म्हणतील तरच पुढे. ‘नाही’ आलं तर सुरुवातीलाच यजमानाने उभं राहून तसं सांगायचं. मध्येच कोणाला हटकलं की गाणं थांबतं.

खुंटी
सकाळची वेळ ठरली तर तानपुरे आदल्या दुपारीच आणा. डिसेंबरात पहाटेच्या आणि आठ वाजताच्या गारव्यात बराच फरक पडतो, त्यामुळे सातला जुळवलेला तानपुरा पावणेआठला पुन्हा बघावा लागेल. ललत गाणार असतील तर तेही आदल्या दिवसापर्यंत कळायला हवं. त्यात पंचम नाही, आणि पहिली तार पंचमावरून मध्यमाला आणली की जवारीचा दोरा पुन्हा सरकवावा लागतो. ते काम लोक बसल्यावर करायचं नाही. आणि परत करताना भाड्याच्या तानपुऱ्याचे मणी (तारेत ओवलेले, बारीक जुळवणीचे) मोजून द्या. चार तारांचे चार.