गावठाणालगतच्या शेतात प्लॉट पाडायचे आहेत. आधी कोणती मंजुरी घ्यावी?

तापीकाठ
चोपडा तालुक्यात गावठाणाला लागून आमची ८० गुंठे जमीन आहे. सातबारा भोगवटादार वर्ग १ चा (म्हणजे विक्रीला सहसा सरकारी परवानगी न लागणाऱ्या जमिनीचा) असून त्यावर वडील, काका आणि दोन आत्यांची नावे आहेत. गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनीला बिनशेती परवानगी लागत नाही, त्यामुळे प्लॉट पाडून थेट विकता येतील, असे एका दलालाने सांगितले. हे कितपत खरे आहे?

मोजणीवाले
ते अर्धेच खरे आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार अशा जमिनीला निवासी वापरासाठी वेगळी बिनशेती परवानगी लागत नसली, तरी ही सवलत वापरापुरती आहे. ती ले-आउटची, म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांच्या आराखड्याची, मंजुरी नव्हे, आणि महसूल खात्याकडे भरायची रक्कमही तिने चुकत नाही. आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, कारण २०० मीटरची रेषा गटाच्या मधूनच जात असेल, तर पलीकडच्या भागाला या कलमाचा आधार राहणार नाही. त्यानंतर नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जमीन निवासी, शेती की अन्य विभागात येते याचा दाखला) काढून ले-आउट मंजुरीला टाका. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. म्हणजे तुमचे ८ गुंठे तिथेच गेले; अंतर्गत रस्त्यांची जागा वेगळी. हा हिशेब झाल्याशिवाय कोणालाही प्लॉटचा शब्द देऊ नका.

वकील, जळगाव
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असल्याने महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी होण्यापूर्वी जाहिरात करणे किंवा बुकिंग घेणे बेकायदेशीर ठरेल, आणि टोकन घेऊन बसलेल्या मालकांची अडचण मी वारंवार पाहतो. आत्यांची तोंडी संमती पुरेशी नाही. हक्क सोडायचा असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे, आणि हिस्सा ठेवायचा असेल, तर ले-आउटच्या अर्जावर त्यांच्या सह्या लागतील.

आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला आणखी एक बाब डोळ्यांत तेल घालून तपासावी लागते. जमीन पूर्वी आदिवासी खातेदाराची होती का, हे जुन्या फेरफारांवरून (मालकी बदलाच्या महसुली नोंदींवरून) पाहा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात ती बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर १९७४ च्या कायद्यानुसार ती परत करण्याचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्यानंतरच्या हस्तांतरणासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची पूर्वमंजुरी असायला हवी. आजचा सातबारा कोरा आणि वर्ग १ चा दिसला, तरी ही तपासणी टाळू नका.