रस्टची लायब्ररी जोडताना लिंकर अडतोय, मदत हवी आहे

मंडळी, भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. आमचा जुना सी प्लस प्लस प्रोग्राम चाकणच्या एका कारखान्यात सेंटओएस ७ या लिनक्सवर चालतो. सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ मध्येच संपला, ठाऊक आहे. मशिनं ग्राहकाची आहेत, त्यामुळे 'आधी ओएस बदला' हा सल्ला कृपया नको.

फाइल वाचण्याचा भाग रस्ट भाषेत नव्याने लिहिला. स्टॅटिक लायब्ररी लॅपटॉपवर, उबुंटू २४.०४ वर बनवतो. मुख्य प्रोग्राम सेंटओएस ७ च्या डॉकर कंटेनरमध्ये बिल्ड होतो आणि तिथेच लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं टूल) म्हणतो:

अनडिफाइन्ड रेफरन्स टू '__आयएसओसी२३_स्ट्रटोल'

माझ्या कोडमध्ये स्ट्रटोल (मजकुरातून आकडा वाचणारं सीचं फंक्शन) औषधालाही नाही. पीथ्रेड, डीएल या लायब्ररी जोडून झालं, लायब्ररींचा क्रम बदलून झाला. टीममधले ज्येष्ठ 'तरी सांगत होतो' म्हणायला लागलेत.

प्रतिसाद १
मसल या छोट्या सी लायब्ररीचं टार्गेट वापरा, कटकट मिटेल.

प्रतिसाद २
मसल इथे नको. मुख्य प्रोग्राम जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीवर आहे, एकाच बायनरीत दोन सी लायब्ररी कशाला कोंबायच्या?

आणि रस्टला उगाच बोल लावू नका. रस्ट १.६४ पासून किमान जीलिबसी २.१७ लागते, सेंटओएस ७ मध्ये नेमकी तीच आहे. तुमच्या एखाद्या क्रेटने (रस्टच्या तयार पॅकेजने) पोटात सी कोड आणलाय. तो उबुंटूच्या हेडर्सवर (फंक्शन जाहीर करणाऱ्या फाइलींवर) कंपाइल होतो आणि तिथे जीलिबसी २.३९ आहे. २.३८ पासून, जीएनयू सोर्स मॅक्रो लावलेला असेल तर, हेडर स्ट्रटोलची हाक परस्पर या नव्या नावाकडे वळवतं. ०बी ने सुरू होणारे बायनरी आकडे वाचता यावेत म्हणून ती सोय. जुन्या जीलिबसीत ते नावच नाही, लिंकर बिचारा आणणार कुठून?

लायब्ररीवर एनएम (आतली नावं दाखवणारी कमांड) चालवा, कुठली ऑब्जेक्ट फाइल ते नाव मागतेय ते दिसेल. मग रस्टचं कार्गो बिल्ड त्याच कंटेनरमध्ये करा. नाहीतर कार्गो-झिगबिल्ड घ्या, त्यात टार्गेटच्या नावापुढे .२.१७ लिहून जीलिबसी ठरवता येते.

धागाकर्ता
अगदी बरोबर! कॉम्प्रेशनच्या क्रेटमधला सी कोड निघाला. कंटेनरमध्ये बिल्ड लावलं, तर आता स्टडअ‍ॅटॉमिक हेडर सापडत नाही म्हणतोय.

प्रतिसाद २
तिथला सी कंपायलर जीसीसी ४.८ आहे, ते हेडर ४.९ पासून आलं. डेव्हटूलसेट (नव्या जीसीसीचं पॅकेज) टाका. पॅकेज आणणाऱ्या यमचे रेपो आधी व्हॉल्टकडे (सेंटओएसच्या जुन्या संग्रहाकडे) वळवा, मूळ मिरर बंद झालेत.