मदत हवी आहे: दादाचं पिणं आणि घरातले बाकीचे

दादाची दारू कशी सुटेल हे विचारायला धागा काढत नाहीये. त्यावर इथे भरपूर लिहिलं गेलंय, वाचलंय. मला आई आणि वहिनीबद्दल विचारायचंय. थोडं माझ्याबद्दलही.

दादा कारखान्यात सुपरवायझर. रोज पितो. हल्ली सकाळी हात थरथरतात म्हणून कामावर जाण्याआधीही थोडी घेतो. मारहाण वगैरे नाही. पण संध्याकाळ झाली की वहिनीचे कान फाटकाकडे. कडी कशी वाजली यावरून ती सांगते, आज किती झालीय. भाचा दहावीत आहे, तो पुस्तक मिटून झोपेचं सोंग घेतो. सकाळी आई कंपनीत फोन करून 'त्याला ताप आहे' सांगते. उधारी वहिनी चुकवते, कारण माणसं दारात येऊन बोललेली तिला सोसत नाहीत. मी दुसऱ्या गावात असते, तरी रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो.

सगळे म्हणतात, पांघरूण घालणं बंद करा. मान्य. पण नोकरी गेली तर घर कशावर चालणार? वहिनी म्हणते, मी चार दिवस माहेरी गेले तर हा मरेल. भाच्याला काय आणि किती सांगायचं? आणि मावशीने पेपरातली जाहिरात बघून 'रुग्णाच्या नकळत' चहात घालायची पावडर आणून दिलीय. आईचा त्या पावडरवर फार भरवसा बसलाय.

सोनचाफा:
यातून गेलेय म्हणून लिहिते. खोटं बोलणं थांबवायचं म्हणजे साहेबांकडे जाऊन चहाडी करायची असं नाही. फोन दादाने स्वतः करायचा, एवढंच. नाही केला तर खाडा पडेल, पगार कापला जाईल. तो खाडा त्याचा असू दे. घरखर्च मात्र वेगळा काढा. पगार झाला त्याच दिवशी फी आणि किराण्याचे पैसे वहिनीच्या खात्यात, हे त्याच्याशी सकाळी बोलून ठरवा. रात्री पिऊन आलेल्या माणसाशी काहीही ठरवू नका, वाद तर मुळीच नको. मी वर्षानुवर्षं रात्री भांडले. सकाळी ह्यांना काही आठवायचं नाही आणि माझं मात्र डोकं ठणकायचं.

पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात (येरवडा, १९८६ पासून) बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. अल-अॅनॉनच्या सभाही असतात. त्या नातेवाइकांसाठीच, आपला माणूस उपचार घेवो न घेवो. तिथे तीन गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात: हे मी ओढवलेलं नाही, ते माझ्या ताब्यात नाही, मी ते बरं करू शकत नाही. पहिल्यांदा ऐकून मला राग आला होता. म्हणजे मी इतकी वर्षं केलं ते फुकट? पण हळूहळू मी बंद पडलेली भिशी पुन्हा सुरू केली, रात्री वेळेवर जेवायला लागले. ह्यांची वाट बघत उपाशी बसल्याने एक पेगही कमी झाला नव्हता.

कडूलिंब:
ती पावडर आजच फेका. अशा पुड्यांत काय असतं ते सांगता येत नाही. त्यात डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली. जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हे औषध देतात ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने.

दुसरं म्हणजे सकाळचं थरथरणं. शरीराला सवय लागल्याची ती खूण आहे. 'खोलीत कोंडू, आठवडाभर थेंब देणार नाही' असले घरगुती प्रयोग करू नका. एकदम बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास, बरळणं. सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. वहिनी स्वतःसाठीही करू शकते.

सोनचाफा:
भाच्याचं राहिलं. खरं सांगा: बाबांना आजार आहे, तुझ्यामुळे नाही, आणि तो थांबवणं तुझं काम नाही. 'बघ रे, बाबा कुठवर आलेत' म्हणून त्याला नाक्यावर पाठवत असाल तर बंद करा. संध्याकाळी अभ्यासाला एखाद्या मित्राचं घर ठरवून द्या. माझी मुलगी शेजारच्या काकूंकडे बसायची. काकूंनी कधी काही विचारलं नाही, त्यांचे उपकार मोठे.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. पावडर टाकली, आई रुसलीय. 'तुम्हाला त्याला बरं करायचंच नाही' असं म्हणाली. फोनचं वहिनीला पटलं, पण आईचा हात सकाळी मोबाइलकडे जाणारच. सभेला जायला वहिनी बिचकतेय, कुणी ओळखीचं निघालं तर? पहिल्या सभेला मी तिच्यासोबत जाईन म्हटलंय. आईच्या वयाच्या बायकाही अशा गटांत येतात का? नवऱ्यापेक्षा मुलासाठी येणाऱ्या? कुणाला अनुभव असेल तर लिहा.