रूळ काढून केलेल्या सायकलवाटा : कोणत्या निवडाव्यात, कोणत्या टाळाव्यात?

धंतोलीकर

सर्वांना नमस्कार. मी आणि माझी पत्नी, दोघेही साठीच्या उंबरठ्यावरचे, गेली सहा वर्षे नागपुरात रोज पहाटे सायकल चालवतो. अंबाझरी, फुटाळा आणि सेमिनरी हिल्स हा आमचा नेहमीचा फेरा असून थंडीत महिन्यातून एकदा रामटेकपर्यंत जाऊन येतो. येत्या सप्टेंबरअखेर आम्ही मुलीकडे पिट्सबर्गला जाणार आहोत आणि तेथे असताना बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तयार केलेल्या सायकलवाटांपैकी, म्हणजे ज्यांना तिकडे रेल ट्रेल म्हणतात त्यांपैकी, एक तरी मोठी वाट पूर्ण करावी अशी आमची मनापासून इच्छा आहे.

विचारण्याचे कारण असे की, दोन वर्षांपूर्वी अशाच एका लहान वाटेवर आमचा अनुभव वाईट ठरला. भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानदाराने 'रस्ता अगदी सपाट आहे' असे सांगून अरुंद टायरच्या सायकली दिल्या. रस्ता सपाट होता हे खरे. परंतु वर सुटी गिट्टी पसरलेली होती आणि पुढचे चाक तिच्यात रुतून आडवे होत होते. बारा किलोमीटरमध्ये पत्नी दोनदा पडली आणि तिचा उजवा गुडघा अजूनही चढावर दुखतो. माहितीपत्रकातील छायाचित्रे पाहून निवड करण्याची चूक पुन्हा होऊ नये, म्हणून ज्यांनी या वाटांवर प्रत्यक्ष सायकल चालवली आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे. उत्तम वाट कोणती, कोणती टाळावी, आणि हे ठरवताना नेमके काय पाहावे?

खामला

धंतोलीकर, आपली मुलगी पिट्सबर्गला राहते, म्हणजे माझ्या मते या प्रकारातील सर्वोत्तम वाट तिच्या दारातूनच सुरू होते. ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज हे तिचे नाव. मेरीलँडमधील कंबरलँड ते पिट्सबर्ग अशी ही सुमारे २४० किलोमीटरची अखंड वाट असून तिचा शेवटचा तुकडा २०१३ मध्ये पूर्ण झाला. मी ती ऑक्टोबरमध्ये पाच दिवसांत केली.

तिला पहिला क्रमांक देताना मी डोंगर, नदी आणि रंग बदललेली झाडे यांचा विचार बाजूला ठेवतो, कारण त्या गोष्टी इतर अनेक वाटांवरही आहेत. येथील मोठी गोष्ट म्हणजे २४० किलोमीटरमध्ये वाट कोठे तुटत नाही, आणि पृष्ठभाग जवळजवळ सर्वत्र एकाच जातीचा आहे : चुनखडीचा बारीक चुरा दाबून घट्ट केलेला. आपल्याकडे मुरूम चांगला दाबला आणि त्यावर एक पाऊस पडून गेला की जसा रस्ता होतो तसा, पण त्याहून अधिक गुळगुळीत. एक सूचना मात्र करतो. ओल्या दिवशी हा चुरा पिठासारखा उडून साखळीला, ब्रेकला, पायांच्या पोटऱ्यांना चिकटतो आणि वाळल्यावर पांढरा थर धरतो. मी पहिल्या संध्याकाळी साखळी पुसली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती जात्यासारखी घरघरू लागली.

आपल्या पत्नींच्या गुडघ्याच्या दृष्टीने दिशा फार महत्त्वाची आहे. वाटेचा सर्वांत उंच बिंदू सुमारे ७२९ मीटरवर आहे आणि तो कंबरलँडपासून केवळ ३८ किलोमीटरवर येतो. कंबरलँडहून निघाल्यास हे ३८ किलोमीटर सलग चढावे लागतात. चढ पावणेदोन टक्क्यांपलीकडे जात नाही, तरी तो तीन-चार तास संपतच नाही. पिट्सबर्गहून निघाल्यास तीच उंची दोनशे किलोमीटरमध्ये विभागली जाते, त्यामुळे चढ पायांना जवळजवळ जाणवत नाही आणि शेवटचे ३८ किलोमीटर उताराचे मिळतात. आपण पिट्सबर्गहूनच निघावे.

दुसरी मोठी वाट मिसूरी राज्यातील केटी ट्रेल. ती सुमारे ३८५ किलोमीटरची आहे. १९८६ च्या पुरानंतर त्या मार्गावरील रेल्वे बंद झाली आणि १९९० मध्ये वाटेचा पहिला टप्पा खुला झाला. ती बरीचशी मिसूरी नदीच्या काठाने जाते, पृष्ठभाग चांगला आहे, गावे ठरावीक अंतरावर येतात. तरीही मी तिला दुसरा क्रमांक देतो. नदीकाठच्या भागात दिवसभर एकाच पातळीवर, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला शेत असे चालवत राहावे लागते. शिवाय मी मे महिन्याच्या शेवटी गेलो होतो. नागपूरकराला उन्हाचे काय, असे समजून गेलो. परंतु तेथील उन्हाळा दमट असतो, घाम वाळतच नाही, आणि आपल्या कोरड्या उन्हाची सवय तेथे उपयोगी पडत नाही.

आता टाळण्याविषयी. कंबरलँडच्या पुढे वॉशिंग्टनपर्यंत सुमारे २९७ किलोमीटरची जुन्या कालव्याच्या काठची वाट आहे आणि पुष्कळजण दोन्ही वाटा एका दमात जोडून करतात. ती रेल्वेची नाही. एकेकाळी नावा ओढणारी खेचरे ज्या पट्टीवरून चालत, ती ही वाट. काही भाग अलीकडे सुधारले असले, तरी पाऊस झाला की मातीच्या भागांत पांदण रस्त्यासारखा चिखल होतो, आणि मडगार्ड व टायर यांच्यामध्ये तो भरून चाक फिरेनासे होते. पाण्याच्या डबक्याखाली झाडाचे मूळ आहे की खड्डा, हे चाक आत गेल्यावरच कळते. आपण कंबरलँडलाच थांबावे.

मोतीबाग

मी चौतीस वर्षे रेल्वेत रूळमार्गाच्या देखभालीचे काम केले. त्यामुळे धंतोलीकरांच्या 'सपाट असूनही पडलो' या अनुभवाचे कारण सांगू शकतो.

रुळांखालची गिट्टी मुद्दाम टोकदार, दोन-अडीच इंचांची असते. तिचे कोपरे एकमेकांत अडकतात, म्हणून ती स्लीपरला, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांना, जागेवर धरून ठेवते आणि पाणी खाली झिरपू देते. वरून रूळ आणि स्लीपर यांचे वजन असेपर्यंतच ती घट्ट राहते. रूळ उचलले की तीच गिट्टी सुटी होते आणि सायकलच्या चाकाखाली गोट्यांसारखी सरकते. चांगली वाट करायची तर ती काढून किंवा नीट बसवून घेऊन वर बारीक चुऱ्याचा थर द्यावा लागतो, तो ओला करून रोलरने दाबावा लागतो, आणि मधला भाग किंचित उंच ठेवून पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत जाईल असा उतार द्यावा लागतो. हे काम महाग असते. ज्यांना ते परवडले नाही, त्यांनी रूळ विकले, पाटी लावली आणि वाट खुली केली.

आणि एकदा केले म्हणजे झाले, असेही नाही. भरावाखालच्या मोऱ्या पानांनी आणि गाळाने बुजल्या की पाणी भरावावरून वाहते, आणि एका रात्रीत भराव कापला जातो. गाडी चालू असताना गँगमन रोज ते पाहत असे; सायकलवाटेवर तो माणूस नसतो. म्हणून कोणतीही वाट निवडण्यापूर्वी मी एवढेच विचारतो की, तिची देखभाल कोणाकडे आहे आणि शेवटचा चुरा कधी टाकला. सुंदर पूल आणि बोगदे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी बांधून ठेवले आहेत, चढही त्यांनीच सौम्य ठेवला, कारण वाफेच्या इंजिनाला त्याहून अधिक चढ ओढवत नसे. आजच्या माणसांनी केलेले काम पृष्ठभागात आणि निचऱ्यात दिसते.

कॅनडातील न्यूफाउंडलँड बेटावरची वाट याचे उदाहरण आहे. १९८८ मध्ये तेथील रेल्वे बंद झाली आणि ८८३ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाट म्हणून राखला गेला, ही गोष्ट मोठीच आहे. परंतु त्यावर चारचाकी मोटारबाइक आणि हिवाळ्यात स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी मोटारगाडी) यांना परवानगी आहे. मोटारीच्या चाकांनी वरचा बारीक थर उडून जातो, खालची जाड खडी उघडी पडते आणि ठिकठिकाणी डबकी होतात. जाड टायरच्या सायकलवर तरुणांना ती चालेल; साठीच्या दांपत्याला मी ती सुचवणार नाही.

एक गोष्ट विषयाला लागून आहे म्हणून लिहितो. आपल्याकडची नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन (नॅरोगेज) २०१५ मध्ये आणि नागपूर-नागभीड २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा येथेही अशी वाट का होऊ नये असे अनेकांनी मला विचारले. ते मार्ग बंद झाले ते मोठ्या लाइनसाठी (ब्रॉडगेजसाठी), आणि गावांना गाडी हवी होती. तीच मागणी योग्य होती. अमेरिकेत मालगाड्या तोट्यात जाऊन मार्गच मोडीत निघाले. १९८३ मध्ये कायद्यात अशी सोय केली गेली की, पुढे कधी रेल्वे लागली तर जमीन परत मिळावी, आणि तोवर तिच्यावर वाट करावी. त्यामुळे जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली नाही. खामला यांनी ज्या अखंडपणाचे कौतुक केले, तो अशा जपणुकीतून येतो.

प्रतापनगर

वरील दोन्ही उत्तरे मला पटली. तथापि 'सौम्य चढ' या शब्दांवर एक स्त्री सायकलस्वार म्हणून थोडे लिहावेसे वाटते. मी न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल केली आहे. क्लाइड ते मिडलमार्च अशी १५२ किलोमीटरची ही वाट २००० साली पूर्ण खुली झाली. उघडा, सोनेरी गवताचा प्रदेश आहे आणि पूलबर्नची दरी तर मी कधी विसरणार नाही. मात्र रेल्वेच्या वाटेवर पाय थांबवता येत नाहीत, हे मला तेथे कळले. डोंगरी रस्त्यावर चढ संपला की उतार येतो, माणूस आसनावरून उठतो, पाठ सरळ होते. येथे एक टक्का चढ असो वा उतार, तासन्‌तास पायडल मारत एकाच स्थितीत बसावे लागते. त्यात समोरून वारा आला की तो एक टक्का पाच टक्क्यांसारखा वाटतो. तिसऱ्या दिवशी माझ्या पायांना काही झाले नव्हते, परंतु तळहात आणि बैठक इतकी दुखत होती की मी दर अर्ध्या तासाने उतरून चालत होते.

काकूंनी येथून जातानाच स्वतःच्या सायकलची सीट सोबत न्यावी. सीट काढायला पाच मिनिटे लागतात आणि सामानात ती सहज मावते. भाड्याच्या सायकलवर ती बसवून घ्यावी. गुडघ्यासाठी सीटची उंचीही येथेच मोजून लिहून ठेवावी. सीट दोन सेंटीमीटरने खाली असली तरी दिवसाच्या शेवटी गुडघा बोलू लागतो.

वर्धा रोड

एकाच वाटेचे दोन चेहरे असू शकतात, एवढे मला जोडायचे आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या केटल व्हॅली मार्गावर मायरा कॅन्यनमध्ये दरीच्या कडेने अठरा पूल आहेत. २००३ च्या वणव्यात त्यांतील बारा जळाले आणि २००८ पर्यंत ते पुन्हा उभारले गेले. तो तुकडा अप्रतिम आहे. तेथून काही किलोमीटर पुढे गेलो, तर वाळू आणि मोटारबाइकने पाडलेल्या आडव्या वळ्या, इतक्या की दात वाजत होते. वाटेचे नाव ऐकून ठरवू नये, किलोमीटर विचारून ठरवावे.

धंतोलीकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. मोतीबाग साहेब, आपले उत्तर मी पत्नीला वाचून दाखवले, आणि आपण का पडलो हे दोन वर्षांनी कळले म्हणून तिला फार बरे वाटले. आजवर ती दोष स्वतःलाच देत होती. प्रतापनगर ताई, सीटची सूचना आजच अमलात आणली, उंची मोजून वहीत लिहिली आहे.

आम्ही ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेजच करणार, पिट्सबर्गहून कंबरलँडकडे. खामला, दोन शंका उरल्या आहेत. दिवसाला सत्तर किलोमीटरच्या आत राहून मुक्काम कसे पाडावेत? आणि वाटेत मोठा बोगदा आहे असे वाचले. पत्नीला बंद, अंधाऱ्या जागेची भीती वाटते, त्यामुळे तो कसा आहे हे आधी कळले तर बरे होईल.

खामला

चार दिवसांत बसते. पहिल्या दिवशी वेस्ट न्यूटन, सुमारे ५८ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ओहायोपाइल, सुमारे ६८. हा दिवस सर्वांत लांब आहे, पण नदी सोबत असते. तिसऱ्या दिवशी मायर्सडेल, सुमारे ६४, आणि चौथ्या दिवशी कंबरलँडपर्यंत सुमारे ५१, ज्यांतील पहिले तेरा सोडले तर सगळा उतार. चौथ्या दिवशी फ्रॉस्टबर्गला जेवायला थांबणार असाल, तर गाव वाटेपासून वर आहे आणि तेथे जाणारी वळणावळणाची चढण संपूर्ण प्रवासातील सर्वांत उभी आहे. काकूंनी तेथे सायकल हातात धरून चालावे, किंवा डबा सोबत ठेवून खालीच जेवावे. टायर मात्र निदान ३५ मिलिमीटर रुंदीचे मागून घ्या, आणि दुकानात उभे राहून टायरच्या बाजूवर छापलेला आकडा स्वतः वाचा.

बोगद्याचे नाव बिग सॅव्हेज. तो सुमारे एक किलोमीटर लांब आहे आणि सर्वोच्च बिंदू ओलांडल्यावर लगेच येतो. आत दिवे आहेत, जमीन गुळगुळीत आहे, आणि आत शिरताच समोरच्या टोकाचा उजेड नाण्याएवढा दिसू लागतो. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, परंतु आपण जाल तेव्हा उघडा असेल. आत गारवा असतो, त्यामुळे तोंडाशीच थांबून जाकीट चढवा. विस्कॉन्सिनमधल्या एलरॉय-स्पार्टा वाटेवर याहून थोडा लांब बोगदा आहे, तेथे दिवे नाहीत, छतातून पाणी ठिबकते आणि सायकल हातात धरून चालावे लागते. तो काकूंना नक्कीच जड गेला असता. येथे आपण पुढे राहा, मागचा लाल दिवा लावून ठेवा आणि त्यांना त्या दिव्याकडे पाहत यायला सांगा. सावकाश गेलात तरी पाच-सहा मिनिटांत बाहेर पडाल, आणि बाहेर येताच डाव्या हाताला बसायला जागा असून समोर दूरवरच्या डोंगररांगा दिसतात. मी तेथे अर्धा तास बसलो होतो.