पावसाळ्यातलं माक्याचं तेल

माका, म्हणजे केसांच्या तेलात घालतात तो भृंगराज, सावलीत सुकवून मग खोबरेल तेलात मुरवायचा, असा सल्ला एकीने दिलाय. तो पुण्यात चालेल. मुंबईत जुलैमध्ये पानं सुकत नाहीत, बुरसतात. मी ओलाच माका वाटून खोबरेल तेलात मंद आचेवर कढवते. पाण्याचा अंश राहिला तर तेल लवकर बिघडतं, म्हणून घाई नको. तळाचा थोडा चोथा काढून बोटांत वळायचा. त्याची वात झाली आणि ज्योतीवर धरल्यावर तडतडली नाही, की पाणी उडालं समजा. आयुर्वेदातली जुनी परीक्षा आहे ही. तेल कोरड्या काचेच्या बाटलीत गाळा.

बाकी खिडकीच्या ग्रिलमधली मोठी कुंडी माक्याला द्या, असंही तिने सुचवलंय, ते मला तरी पटत नाही. तो पावसात ओल्या मातीत आपला आपण उगवतो. त्या कुंडीत गवती चहा लावा, रोज लागतो.